बापूंच्या शर्टाचा आलेख

माझ्या अंगाला वास येतो हे आधी एका यंत्राने ठरवलं, माणसांनी नंतर. मला यंत्राचा राग कधी आला नाही. ते खरंच बोलत होतं, निदान अर्धं तरी.

सुरतच्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. आमच्या प्रयोगशाळेचं काम कार्बनच्या नळ्यांवर होतं. कार्बनच्या अणूंचा एकच थर असलेला पत्रा गुंडाळला तर जी नळी होईल, ती ही नॅनोट्यूब. एका केसाच्या जाडीत अशा हजारो नळ्या शेजारीशेजारी मावतात. तांब्याच्या तारेवर धूळ बसली तर आतल्या तांब्याला त्याचं काही वाटत नाही. या नळीला ‘आत’ असं काही नाहीच. जेवढे अणू आहेत तेवढे सगळे हवेला उघडे. त्यामुळे हवेतला एखादा रेणू येऊन तिच्या अंगावर बसला, की तिच्यातून जाणाऱ्या विजेला ते लगेच कळतं. साध्या हवेतला ऑक्सिजन तिचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून ठेवतो, आणि मग इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या झालेल्या जागाच तिची वीज पुढे नेतात. अमोनिया उलट्या स्वभावाचा. तो आपले इलेक्ट्रॉन देऊ करतो, रिकाम्या जागा बुजतात, वीज अडखळते आणि रोधाचा आलेख वर चढतो. एकदा बसलेला वायू आपणहून पटकन उठतही नाही. नळी तापवावी लागते, हवा ओढून काढावी लागते, तेव्हा कुठे ती पहिल्यासारखी होते.

मी सुरतेतल्याच डिंडोलीत, मिल कामगारांच्या वस्तीत वाढले. बापू धुळ्याकडचं गाव सोडून तरुणपणी सुरतेत आले आणि भेस्तानकडच्या एका छपाईच्या मिलमध्ये लागले, ते तिथेच राहिले. मिलच्या कलर किचनमध्ये, म्हणजे जिथे छपाईचा रंग आणि खळ कालवतात तिथे, त्यांचं काम. खळ घट्ट व्हावी म्हणून तिच्यात अमोनियाचं पाणी ओततात. ते बापू ओतायचे. तोंडाला रुमाल बांधून, मान एका बाजूला वळवून. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बापांचे डोळे लाल असतात.

माझे गाइड सर हुशार होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. कोणाला काही लागेल असं बोलायचं असलं की आणखी हळू बोलायचे, म्हणजे बाकीच्यांना कान देऊन ऐकावं लागायचं. त्या वर्षी आमच्या सेन्सरचं वाचन सकाळी सकाळी सरकायचं. रात्रभर सपाट असलेली रेघ दहाच्या सुमाराला वर जायची. सरांनी खिडक्या बंद करून पाहिल्या, एसी बदलला, सफाईचं फिनाईल बंद केलं. मग एके दिवशी ते मला म्हणाले, ‘‘बेन, तू जरा बाहेर जा बरं.’’

मी गेले. थोड्या वेळाने त्यांनी आत बोलावलं. माझ्याबरोबर काम करणारा एक सीनियर आणि एमएस्सीची पोरं टेबलाभोवती उभी होती. सर म्हणाले, ‘‘इथे, हवा आत खेचणाऱ्या नळीपाशी उभी राहा. हलू नकोस.’’

मी उभी राहिले. रेघ वर चढली. सरांनी मला मागे घेतलं आणि सीनियरला उभं केलं. रेघ जराशी थरथरली, बस. मग एमएस्सीच्या एका मुलीला. तेच. मग परत मला. रेघ परत वर.

‘‘कुठे राहतेस?’’ सरांनी विचारलं. त्यांना ते माहीत होतं.

‘‘डिंडोली.’’

‘‘आणि वडील?’’

‘‘छपाईच्या मिलमध्ये.’’

‘‘अच्छा,’’ सर अगदी हळू म्हणाले, ‘‘तरीच अमोनिया.’’ मग पोरांकडे वळून, ‘‘बघा, आपलं नाक सभ्य असतं, ते बोलत नाही. नळीला सभ्यता नाही.’’

पोरं हसली. एमएस्सीची ती मुलगी हसली नाही, पण ती पाऊलभर मागे सरकली. हसणाऱ्यांपेक्षा तिचं ते मागे सरकणं मला जास्त लक्षात राहिलं.

त्यानंतर मला नियम लागला. लॅबमध्ये आल्यावर बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलायचे, लॅबमध्ये ठेवलेला एक ड्रेस घालायचा, आणि मगच मोजमापाच्या खोलीत यायचं. सीनियर कधी कधी दारातच विचारायचा, ‘‘बदलले ना?’’ बाकी कोणाला हा नियम नव्हता.

मी रडले नाही असं नाही. पण रडून झाल्यावर मला तो वास नेमका कुठून येतो हे शोधायचं होतं. मी माझी ओढणी एका बरणीत बंद केली, कुर्ता दुसऱ्या, रुमाल तिसऱ्या. एकेका बरणीतली हवा नळ्यांवरून नेली. कुर्त्याने फारसं काही केलं नाही. ओढणीने रेघ चढवली. आमच्या घरी गॅलरीत एकच दोरी होती. माझी ओढणी आणि बापूंचा मिलचा शर्ट तिच्यावर शेजारीशेजारी असायचे. मग मी बापूंचा एक न धुतलेला शर्ट पिशवीत बांधून आणला. त्याने तर रेघ कागदाबाहेरच काढली.

घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण शर्ट दिसेना म्हणून माय शोधत बसली, आणि मला सांगावं लागलं. बापू जेवत होते. त्यांनी घास तसाच धरून ऐकलं.

‘‘मशीनले बी समजनं का मग?’’ ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात लाज होती की गंमत, हे मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला शर्ट दोरीवर वाळत घालणं सोडलं. जिन्याच्या कठड्यावर टाकायचे. तिथून तो दोनदा उडून खालच्या गटाराशी गेला.

सरांना बरण्यांचं कळलं तेव्हा मला वाटलं आता आणखी काही ऐकावं लागणार. तसं झालं नाही. ते आलेख हातात घेऊन बसले. मग त्यांनी मला खुर्ची दिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

‘‘हे तर फार छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘कामगाराच्या कपड्यावरून मिलची हवा ओळखता येईल. डॉक्टर नको, इन्स्पेक्टर नको. वडिलांचे आणखी शर्ट आण. मिलची पाळी संपली की लगेच पिशवीत, तसेच्या तसे घामाचे. वाळू द्यायचे नाहीत.’’

‘‘त्यांच्याकडे फार नाहीत, सर.’’

‘‘मग नवे घेऊन दे. जुने मला दे.’’

बापूंना विचारलं तर म्हणाले, ‘‘कितला पाहिजेत?’’ त्यांना वाटलं, लेकीच्या अभ्यासाला आपलं काहीतरी लागतंय. पाळी सुटल्यावर मिलच्या फाटकाजवळ बनियनवर उभे राहून ते शर्ट पिशवीत घालायचे, गाठ मारायचे आणि घरून आणलेला दुसरा शर्ट अंगात चढवायचे. बरोबरचे लोक चेष्टा करायचे. बापू सांगायचे, ‘‘पोरगीनं कॉलेजनं काम शे.’’

वर्षभरात सरांनी त्यावर पेपर लिहिला. आमची नळी अमोनियाला ‘ओळखते’, चढणाऱ्या रेघेचा आकारच सांगतो की हा अमोनिया आहे, दुसरं काही नाही, असा त्यातला दावा होता. मी त्यांना म्हटलं होतं की ओलीने काय होतं हे आपण पाहिलेलं नाही. ते म्हणाले, ‘‘तू शर्ट आण, डोकं मी लावतो.’’

मग प्रात्यक्षिक ठरलं. कॉलेजला पैसा देऊ शकतील असे काही मिलमालक आणि यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीचे लोक येणार होते. सर मला म्हणाले, ‘‘पिशवीतून हवा सोडलेली कोणाला समजणार नाही. वडिलांनाच बोलाव. पाळीवरून थेट. कपडे न बदलता.’’

मी घरी सांगितलं, पण ‘कपडे न बदलता’ हे माझ्या तोंडून निघालं नाही. मी एवढंच म्हटलं की सरांनी बोलावलंय, पण तुम्ही येऊ नका. बापूंनी पहिला भाग ऐकला. त्यांनी मिलमधून अर्धी सुट्टी घेतली, डोक्यावरून अंघोळ केली, माझ्या चुलतभावाच्या लग्नात शिवलेला पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, वर अत्तराचा बोळा कानात खोवला. लॅबच्या दारात चपला काढून ते आत आले, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना, इतके ते छान दिसत होते.

सरांचा चेहरा उतरला. ते पाहुण्यांना पाठमोरे होऊन हळूच बोलले, ‘‘हे काय?’’

बापूंना वाटलं आपल्याला विचारलं. ते गुजरातीत म्हणाले, ‘‘नाहीने आव्यो छुं, साहेब.’’ अंघोळ करून आलोय.

सरांनी त्यांना नळीपाशी उभं केलं. रेघ वेडीवाकडी उड्या मारायला लागली. अत्तरामुळे असणार. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. सर हसत म्हणाले, ‘‘एक मिनिट,’’ आणि कपाटातून एक पिशवी काढली. आदल्या दिवशीचा शर्ट. गाठ बापूंनीच मारलेली.

‘‘हा घाला.’’

मी म्हटलं, ‘‘नाही सर. ते नाही घालणार.’’

‘‘तू बाहेर थांब,’’ सर म्हणाले. अगदी हळू.

‘‘बापू, चला. घरी जाऊ.’’

बापूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांकडे. ‘‘राहू दे बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘सायेबनं काम व्हई जाऊ दे.’’ त्यांनी पांढऱ्या शर्टाची बटणं सोडली, तो घडी घालून माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर तो ओलसर, आंबलेला शर्ट अंगात घातला. कॉलर नीट केली. वास खोलीभर झाला. सोफ्यावरच्या एकाने नाकाला रुमाल लावला. सरांनी स्वतः बटण दाबलं. रेघ सरळ वर गेली आणि टाळ्या पडल्या.

बापूही हसले. टाळ्या आपल्यासाठी आहेत असं त्यांना वाटलं. एका पाहुण्याने फार गोड आवाजात विचारलं, ‘‘कई मिलमां काम करो छो, काका?’’ बापूंनी छाती पुढे काढून मिलचं नाव सांगितलं. तो पाहुणा त्यांच्या शेठचा साडू होता.

परत येताना रिक्षात बापू म्हणाले, ‘‘चांगलं व्हयनं ना?’’ मी हो म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना फाटकावरच थांबवलं. शेठ म्हणाले, ‘‘आमच्या मिलची हवा कॉलेजात विकायला नेतोस?’’ एवढ्या वर्षांचं काम त्या एका वाक्यात संपलं. मी सरांकडे गेले. ते पेपरच्या छापील प्रती चाळत होते. म्हणाले, ‘‘वाईट वाटतं. पण हे माझ्या हातात नाही, बेन. नमुन्यांची सोय आता दुसरीकडून करावी लागेल.’’ बापूंबद्दल ‘नमुना’ हा शब्द त्यांनी वापरला. पेपरच्या शेवटी आभार मानले होते, एका कामगाराचे, नाव न घेता.

बापूंना दुसऱ्या मिलवाल्यांनीही घेतलं नाही. मालक एकमेकांना सांगतात. ते आणि माय घरी साड्यांना खडे चिकटवायला लागले. गोडादऱ्याहून एक माणूस गठ्ठा टाकून जायचा. बापूंची बोटं जाड होती, खडे वाकडे बसायचे, आणि ते परत काढून लावायचं काम माय करायची, त्यांना न दाखवता.

मी शिक्षण सोडलं नाही. सोडून काय मिळालं असतं? मी थिसिसचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं, आणि ते ज्या गोष्टीवर लिहायचं होतं ती मला केव्हापासून खुपत होती. नळ्यांच्या दोन्ही टोकांना सोन्याचे पट्टे असतात, तिथून वीज आत शिरते. वायू नळीच्या अंगावर बसून काम करतो, की नळी आणि सोनं जिथे भेटतात त्या सांध्यावर? मी सांध्यांवर पातळ लेप चढवून ते झाकले आणि अमोनिया सोडला. रेघ पूर्वीइतकी चढलीच नाही. मग स्वच्छ धुतलेला रुमाल नुसत्या पाण्यात भिजवून पिशवीत बांधला. उघड्या सांध्यांच्या सेन्सरवर त्याची रेघ बापूंच्या शर्टाच्या रेघेसारखीच निघाली, तोच आकार. शेवटी पिशवीत तसेच बांधून शिल्लक राहिलेल्या शर्टांतली हवा मी अशा दाण्यांतून नेली जे ओल शोषतात आणि अमोनिया तसाच पुढे जाऊ देतात. रेघ साधारण निम्म्यावर आली. म्हणजे शर्टांनी दाखवलेलं निम्मं घामाचं पाणी होतं. सरांनी शर्ट वाळू दिले नव्हते, त्याचा हा हिशोब.

हे सगळं मी प्रकरणात लिहिलं आणि थिसिस सरांच्या टेबलावर ठेवला. ते वाचणार नाहीत हे मला माहीत होतं. आम्हा कोणाचंच ते वाचत नव्हते. शेवटचं पान उघडून त्यांनी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर प्राध्यापक बाई आल्या होत्या. हॉल भरलेला होता, सर पहिल्या रांगेत. बाईंनी शेवटचं प्रकरण उघडलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या गटाच्या पेपरात म्हटलंय की रेघेच्या आकारावरून अमोनिया ओळखता येतो. इथे तुम्ही म्हणता ओल्या रुमालाचाही तोच आकार येतो. यातलं खरं काय?’’

‘‘प्रकरणातलं,’’ मी म्हटलं.

‘‘आणि पेपर?’’

‘‘पेपरसाठी ओलीचा तपास केलेला नव्हता. मी तेव्हा सुचवलं होतं.’’

बाई सरांकडे वळल्या. ‘‘सर, तुम्ही हे प्रकरण वाचलंय?’’

सरांनी तोंड उघडलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आता कान देऊन ऐकायची कोणाला घाई नव्हती. ‘‘तपशिलात... म्हणजे, ढोबळ मानाने.’’

‘‘तुमची सही आहे यावर,’’ बाई म्हणाल्या. मागून कोणीतरी हसलं. मी सरांना सोडवू शकले असते. आमचं बोलणं झालं होतं, असं एक वाक्य पुरलं असतं. मी पुढची स्लाइड लावली. त्यांच्या मानेवर घाम आला होता, तो मी पाहिला, आणि मला बरं वाटलं. आजही वाटतं.

मला पदवी मिळाली. सरांना पेपर मागे घ्यावा लागला, कंपनीचा करार गेला. सीनियरने मला फोन करून कृतघ्न म्हटलं.

मी बापूंना समजावून सांगितलं. ते खड्यांची वाटी मांडीवर घेऊन ऐकत होते. ‘‘म्हंजे मना शर्टले वास नई व्हता?’’

मी म्हटलं, ‘‘होता, बापू. पण मशीनने सांगितला त्याच्या निम्मा.’’

‘‘मग शेठले सांग ना,’’ माय आतून म्हणाली.

मी गेले. शेठनी मला बसवलं, चहा मागवला. पेपर मागे घेतल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. ‘‘मशीन खोटं निघालं, सारुं थयुं, बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘आता तू डॉक्टर झालीस. लिहून दे की आमच्या मिलच्या हवेत अमोनिया नाही. उद्यापासून बापूंना पाठव. कलर किचन नको, फाटकावर बसवतो.’’

‘‘निम्मं खोटं होतं, शेठ. उरलेलं निम्मं खरं आहे. त्या निम्म्यानेही डोळे जातात.’’

‘‘मी निम्म्याचं विचारलं नाही.’’

मी चहा तसाच ठेवून उठले. कलर किचनमध्ये आता बापूंच्या जागी कोणीतरी दुसरा मान वळवून खळीत अमोनिया ओतत होता. अमोनिया नाही म्हणून मी लिहून दिलं असतं, तर त्याचा शर्ट काय सांगतो हे मग कोणीच ऐकलं नसतं.

घरी मी सगळं सांगितलं. मला वाटलं बापू म्हणतील, बरं केलंस. त्यांनी एक खडा बोटांत फिरवला. त्यांना आता खोकला सुरू झाला होता, त्याची एक उबळ आली आणि गेली. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘लिखी देती ते काय बिघडतं?’’

माझ्याकडे उत्तर होतं. ओल, सांधे, इलेक्ट्रॉन, सगळं पाठ होतं. ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

‘‘आते जेवा बरं,’’ माय म्हणाली आणि तिने ताटं वाढली. बापूंनी त्या दिवशी आपलं ताट उचललं आणि ते एकटेच गॅलरीत जाऊन बसले. अजूनही ते तिथेच जेवतात.